त्यांचा ‘हाव’, आमची हाव

लोक विचारतात, तुम्ही नेमकं काय काम करत होता? मी सांगते, प्रश्न विचारायचं. त्यावर एखादा मिश्कील गृहस्थ हमखास म्हणतो, ते तर आमची बायको फुकटात करते. मीही हसते आणि विषय बदलते. खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागतं की ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, ज्यांचं माणूस मोहफुलं वेचायला गेलं आणि वाघानं नेलं, ज्यांचे पत्रे वादळात शेजारच्या शिवारात जाऊन पडले, अशा लोकांसमोर मी बसत असे आणि विचारत असे, “त्या दिवशी काय झालं, ते सुरुवातीपासून सांगाल का?” एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मग तो चहा लवकर संपवतो.

शहरातल्या संस्था संकटांचा अभ्यास करतात. लोक कसे वाचले, कोण मागे राहिलं, मदत कुणापर्यंत पोचली नाही, हे शोधून अहवाल लिहितात. त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतात, पण गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढं गाडी कुठं बंद पडते आणि पडली तर कुणाच्या अंगणात झोपायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. तिथं माझ्यासारखी लागते. मी वडशाची. घरी झाडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, रेल्वेचं गाव म्हणून हिंदी आपोआप आणि आदिवासींची माडिया एवढीच, की पाणी मागता यावं आणि माफी मागता यावी. कागदावर माझं पद ‘क्षेत्र अन्वेषक’ असं भारदस्त होतं. गावात मी ‘सर्वेवाली बाई’.

या धंद्याचं एक वाईट आहे, ते आधीच सांगून टाकते. आमचा हंगाम म्हणजे दुसऱ्याचं संकट. पाऊस नीट पडला, नद्या आपल्या पात्रात राहिल्या, की मी घरी बसून ब्लाउज शिवत असे. पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला, अशी बातमी लागली की तासाभरात फोन वाजायचा. लवकर पोचा, आठवणी ताज्या आहेत, असं सांगायचे. आठवणी ताज्या असतात हे खरंच. जखमही ताजी असते, पण फोनवर ते कोण बोलणार.

पुरानंतरच्या गावात प्रत्येकाला काही ना काही काम असतं. तलाठी पंचनामा करतो, नर्सबाई गोळ्या वाटते, शाळेच्या पडवीत बायका खिचडी रांधतात, पोरं गाळ उपसतात. सगळ्यांच्या हातात काही तरी द्यायचं असतं. माझ्या हातात द्यायला काहीच नसे, आणि न्यायला मात्र पिशवी असे. मी पंगतीला बसले तर कुणी नको म्हणायचं नाही, पण माझ्या डाव्या-उजव्या हाताला थोडी जागा मोकळी राहायची. सुरुवातीला मला वाटे, आदरानं सोडतात. नंतर तसं वाटेनासं झालं.

आमच्या कागदावर पहिलंच वाक्य असे, ‘या अभ्यासातून तुम्हाला कोणतीही मदत मिळणार नाही.’ ते मोठ्यानं आणि सावकाश वाचायचं, असा दंडक होता. भामरागडला एका चहावाल्या भाऊंना मी ते वाचून दाखवलं. त्यांच्या हॉटेलाची एक भिंत पाण्यानं नेली होती. त्यांनी मान डोलावली. “हाव, हाव. मदत नाई. समजलं.” मग माझ्या मनगटाला धरून मला भिंतीपाशी नेलं आणि म्हणाले, “हे पाहा, इथून इथपर्यंत. बरोबर लिवा बाई, मागच्या वेळी कमी लिवलं होतं.” मी पुन्हा वाचलं. ते पुन्हा म्हणाले, “हाव.” पुरानंतर जो लिहितो तो पंचनामा लिहितो, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवानं शिकवलं होतं. माझं वाक्य त्यापुढं किती टिकणार? मी ती भिंत लिहून घेतली. आमच्या अभ्यासात भिंतीला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिली.

हा ‘हाव’ समजावून सांगायला हवा. आमच्याकडं हाव म्हणजे हो. पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या, अहवाल लिहिणाऱ्या आमच्या मॅडमनी दिवसभर तो ऐकला आणि संध्याकाळी गाडीत हळूच विचारलं, “ताई, हे सगळे सारखं हाव हाव काय म्हणतात? कसली हाव आहे यांना?” मी इतकी हसले की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. त्यांना म्हटलं, “मॅडम, त्यांचा तो हाव. हाव ती आपल्याला आहे.” त्याही हसल्या. बाई मनानं चांगली होती, स्वतःवरचा विनोद तिला कळायचा.

पण हाव म्हणजे दर वेळी होच असतं असंही नाही. आईनं पोराला जेवायला बोलावलं की तो हाव म्हणतो आणि खेळत राहतो. कुणी गाऱ्हाणं सांगत असलं की ऐकणारा मधूनमधून हाव म्हणतो, म्हणजे मी जागा आहे, सांग पुढं. पाहुणा काही मागतो तेव्हाही हावच म्हणायचं असतं, कारण दारात आलेल्याला नाही म्हणणं शोभत नाही. आमच्या कागदावर मात्र संमतीसाठी दोनच चौकटी होत्या, होय आणि नाही. हाव आला की होयवर खूण करायची.

मला ते पटेना, म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला होता. बाई उभ्या उभ्या हाव म्हणाली तर तो धरायचा नाही. जिला खरंच बोलायचं असतं, ती हातातलं काम ठेवते आणि आपणहून खाली बसते. ती बसली की मग मी पेन काढायची. या नियमानं माझ्या मुलाखती इतरांपेक्षा कमी भरत आणि वरून बोलणी बसत. पण मला माझ्या नियमाचा गर्व होता, तो का लपवू?

उलट्या तऱ्हेचीही माणसं भेटली. मुलचेऱ्याकडं बंगाली निर्वासितांची जुनी गावं आहेत. तिथं वादळानं घरांवरचे पत्रे उडाले, तेव्हा मी गेले होते. एका आजोबांच्या समोर बसून कागद उघडते तोच ते माझे प्रश्न मला पाठ म्हणून दाखवायला लागले. नाव, वय, घरात माणसं किती, चूल कशावर पेटते. म्हणाले, “दीदी, हमारा तो जनम से सर्वे हो रहा है. इधर आया तब सर्वे, जमीन मिला तब सर्वे, बाढ़ आया तब सर्वे. अब आज हम पूछेगा, तुम बोलेगा.” मी म्हटलं, विचारा.

“घर में कौन-कौन है?”

“कोई नहीं.”

“कब से?”

वडील गेले, आई गेली, लग्न झालं होतं ते टिकलं नाही, भाऊ वडशाला त्याच्या संसारात. मी चंद्रपूरला एका खोलीत राहते. यातलं ‘कधीपासून’ कुठून मोजायचं? आजोबांनी थोडी वाट पाहिली आणि हात हलवून म्हणाले, “रहने दो. खाली छोड़ दो. हम भी कितना जगह खाली छोड़ा है.” सुनेला त्यांनी मुरमुरे आणायला सांगितलं. त्या दिवशी मला कळलं की समोर बसून उत्तर देणं किती कठीण असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले, तिकडं वळते. आधी एक खुलासा करते. ज्या बाईची ही हकिगत आहे तिचं नाव बदललं आहे, नदी बदलली आहे, नातं बदललं आहे. तिनं मला जे सांगितलं त्यातला मुद्द्याचा भागसुद्धा मी दुसरा घातला आहे. वजन तेवढंच ठेवलं आहे. तिनं स्वतः हा अंक वाचला तरी तिला आपली आठवण होऊ नये, अशी काळजी घेतली आहे. आमच्या धंद्यात ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही अशी शपथ असते आणि मी ती निवृत्तीनंतरही पाळते.

तर तिला वच्छला म्हणू. नदीकाठचं, मासे धरणाऱ्यांचं गाव. वरच्या धरणाचं पाणी सुटलं आणि भर दुपारी गावात शिरलं. गावच्याच लोकांनी आपल्या डोंग्यांतून, म्हणजे लाकडी होड्यांतून, माणसं शाळेच्या टेकाडावर नेली. सगळे वाचले. एकटी वच्छलाची सासू तेवढी राहिली. पाणी उतरल्यावर ती बाभळींच्या झुडपात सापडली. गाव एकमुखानं सांगत होतं की बुढी हट्टी होती, घर सोडून यायला तयार झाली नाही. आमच्याकडं म्हातारीला बुढी म्हणतात, त्यात अपमान काही नाही.

मी गेले तेव्हा वच्छला भिंतीवरचा गाळ खरवडत होती. नवरा हैदराबादकडं बांधकामावर, निरोप गेला होता पण रस्ते बंद असल्यानं तो अजून पोचला नव्हता. दुःखाच्या घरी जसं जातात तशीच मी गेले. नमस्कार-चमत्कार केला नाही, सरळ जमिनीवर बसले. थोडा वेळ गप्प राहिले. मग कागदावरची वाक्यं वाचली. मदत मिळणार नाही, नाव कुठं येणार नाही, नको वाटलं तर थांबता येईल. ती प्रत्येक वाक्याला म्हणाली, हाव. आणि हातातलं खुरपं ठेवून माझ्यासमोर खाली बसली. मी पेन काढलं.

तिनं पुराचं सगळं सांगितलं. पाणी कसं चढलं, कोंबड्या कशा ओरडल्या, डोंगा कुणाचा होता. मी विचारलं, सासूबाई तेव्हा कुठं होत्या?

“आतमंदी होती बुढी. खाटेवर. डोंगा दारात आला तं म्या आवाज देली, ‘चला ना, पानी आलं.’ बुढी म्हने, ‘तू होय पुढं.’ मंग म्या दुसरी डाव आवाज नाई देली.”

मी गप्प राहिले. गप्प राहणं हे आमच्या कामातलं मोठं कसब आहे, आणि कधी कधी मोठं पापही.

“अख्खी उमर म्याच दोन-दोन डाव आवाज देत राह्यली, बाई. जेवाले दोन डाव. आंग धुवाले दोन डाव. गोळी घ्याले दोन डाव. त्या दिवशी म्हनलं, येईन बुढी आपल्या पायानं. काऊन म्हनलं असन म्या तसं? डोंगा सुटला तवाबी वाटलं, आता दारात दिसन. नाई दिसली.” मग ओल्या भिंतीकडं पाहत म्हणाली, “घरच्या मानसाले ठावं नाई. गावाले ठावं नाई. तुमालेच सांगतली.”

आम्हाला शिकवलेलं असतं की सांत्वन करायचं नाही. सांत्वनानं उत्तर बदलतं. मी पेन धरून बसून राहिले. माझा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मला त्या वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं नाही. शिकवण चुकीची होती असं मी अजूनही म्हणणार नाही, पण त्या वीतभर अंतराची मला आजही चीड येते.

शेवटी कागदावरचं एक वाक्य वाचायचं राहिलं होतं. ‘धन्यवाद, सहा महिन्यांनी आम्ही परत येऊ.’ आता आपण कुणाच्याही घरून निघताना येते म्हणतो, जाते म्हणत नाही. फक्त दुखवट्याच्या घरून उठताना येते म्हणत नाहीत. पुन्हा असल्याच कारणानं यावं लागू नये म्हणून न बोलता उठायचं असतं. पुण्यात बसून ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याच्याही घरी हीच रीत असणार, पण कागद लिहिताना त्याला ती आठवली नाही. मी वाक्य गाळलं, पदर सारखा केला आणि न बोलता उठले. वच्छला उंबऱ्यापर्यंत आली नाही. बसायला आलेल्या बाईला पोचवायला जायचं नसतं, ही रीत तिनंही पाळली.

बांधावरून परतताना ते माझ्या डोक्यात आलं आणि मी जागच्या जागी थांबले. गेल्यापासून उठेपर्यंत मी दुखवट्याला आलेल्या बाईसारखी वागले होते. बसायला आलेली बाई जमिनीवर बसली की घरची बाईही काम टाकून समोर बसते. ती बसतेच. बसावंच लागतं. वच्छला माझ्या प्रश्नांना हो म्हणून बसली होती की माझ्या बसण्याला मान देऊन? तिनं तो मनातला दगड सर्वेवालीला सांगितला, की दुःख वाटून घ्यायला आलेल्या कुणा बाईला? ज्या नियमाचा मला एवढा गर्व होता, तो नेमका दुःखाच्या घरी कुचकामी होता, आणि सर्वेवाली जाते ती दुःखाच्याच घरी.

मुलाखती पुण्याला जात त्या नावाशिवाय, नुसता आकडा टाकून. आकडा कुणाचा, हे गावात गेलेल्यालाच माहीत असे. त्यामुळं वच्छलाचं वाक्य पुण्याला पोचलं, वच्छला पोचली नाही. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

“ताई, ते दुसऱ्या हाकेचं वाक्य वाचलं. मला झोप नाही लागली. अहवालाचं नावच तेच ठेवायचं म्हणते मी. ‘मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.’”

“मॅडम, ते नका घेऊ.”

“नाव कुठं येतंय तिचं? गावही काढून टाकू.”

“गाव काढाल. बुढी कशी काढाल? बुडालेली बुढी त्या काठाला एकच आहे. अहवालातलं पेपरात येईल, पेपर तिथल्या मास्तरच्या घरी येतो. मास्तर चावडीवर वाचून दाखवेल. मग ती बाई त्या घरात कशी राहील?”

त्यावर मॅडम म्हणाल्या ते मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण त्यात खोटं काही नव्हतं. “ताई, डोंगे येतात, पण खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला उचलून ठेवायला कुणी येत नाही. सगळा भार सुनांवर. हे मी आकड्यांत किती वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही. हे एक वाक्य ऐकतील. पुढच्या पुरात एखादी म्हातारी वाचेल. तिचा विचार कोण करणार? आणि संमती तर आहे. खूण तुमच्याच हातची आहे.”

“तिनं हाव म्हटलं, मॅडम.”

हावचा अर्थ त्यांना मीच शिकवला होता. त्यांनी सुस्कारा सोडला. “बरं. दुसऱ्या फेरीला जाल तेव्हा तिलाच विचारा. हो म्हणाली तर ठेवते, नाही म्हणाली तर काढते. पण स्पष्ट विचारून या.”

मधल्या दिवसांत मी वडशाला भावाकडं गेले. हिवाळ्यात आमच्याकडं नाटकांचा हंगाम असतो, घराघरांत पाहुणे उतरतात. नाटकाला निघण्याआधी अंगणात पंगत बसली होती, जो तो काही सांगून हसवत होता. वहिनी म्हणाली, “तुमी एवढ्या गावोगाव फिरता, आमालेबी सांगा ना कायतरी. चूपच काऊन बसता?” सगळे माझ्याकडं पाहायला लागले. त्या अंगणात सगळ्यात जास्त गोष्टी माझ्याजवळ होत्या आणि त्यातली एकही माझी नव्हती. मी म्हटलं, भाजी कुणाला हवी? भाजीची बादली घेऊन पंगतीतून फिरले. मग सगळे नाटकाला गेले. मला गर्दी नको होती, मी मागं राहिले.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा धान घरात आलं होतं. वच्छलाच्या घराची भिंत नव्यानं सारवलेली होती. मनात वाक्य घोळवत गेले होते. तिला एकटीला गाठायचं, सर्वेचं काय ते स्पष्ट सांगायचं, आणि विचारायचं. अंगणात पाहते तर नवरा घरी होता. खाली बसून जाळं विणत होता. वच्छला पलीकडं सुपानं उडीद पाखडत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा सुपाकडं पाहायला लागली.

“या बाई, बसा,” नवरा म्हणाला. “कुठून आल्या?”

मी म्हटलं, “पुराच्या वेळी आले होते. अभ्यासाचं काम होतं.” आणि वच्छलाकडं पाहिलं.

“म्या नाई वळखत यायले,” वच्छला म्हणाली. हात थांबले नव्हते. “पुरात लय बाया आल्या होत्या. कोन कोन ध्यानात राह्यते?”

इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी न विचारलेल्या प्रश्नाला तिनं नाही म्हटलं होतं. आता उठून निघायला हरकत नव्हती, पण नवऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं होतं आणि तो सरसावून बसला होता.

“सर्वेवाल्या आहा का तुमी? मंग लिवा. माही माय गेली पुरात. म्या नवतो इथी. लय हट्टी होती माय. हिनं किती आवाज देल्या मायले. गळा बसला होता हिचा, मी आलो तवा बोलता येत नवतं. सून असून आवाज देत राह्यली. सख्खी लेकबी नाई करत एवढं.” मग बायकोकडं वळून म्हणाला, “सांग ना व बाईले. किती डाव आवाज देली तू?”

सूप थांबलं. उडदाचे दाणे एका कडेला गोळा झाले होते. एक कोंबडी जवळ येऊन त्यात चोच घालून गेली तरी वच्छलानं तिला हाकललं नाही. मी माझ्या पायांकडं पाहत होते. मला वाटत होतं, या माणसाला कुणी तरी दुसरं काही विचारावं, गावातून कुणी हाक मारावी, काहीही व्हावं. तिच्या तोंडून काय निघेल याची भीती मला तिच्याइतकीच वाटत होती, आणि ते तिला कळूही शकत नव्हतं.

“मोजली का म्या?” वच्छला म्हणाली.

त्यानं मान हलवली, डोळे पुसले. “पाहा. मोजतबी नाई. लिवा बाई, लय डाव देली. लिवा.”

सबंध नोकरीत मी माहीत असलेलं खोटं कधी कागदावर उतरवलं नव्हतं. कमी लिहिलं असेल, समासात लिहिलं असेल, पण खोटं कधीच नाही. त्या दिवशी मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सुनेने अनेक वेळा हाका मारल्या.’ त्यानं ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचून दाखवलं, मोठ्यानं आणि सावकाश. वच्छलानं पाखडायला सुरुवात केली. नंतर तिनं पाण्याचा लोटा आणून माझ्यापुढं ठेवला, पण हातात दिला नाही.

पुण्याला मी फोनवर सांगितलं, ती नाही म्हणाली. मॅडमनी विचारलं, “स्पष्ट?” मी म्हटलं, “स्पष्ट.” त्यांनी शब्द पाळला, वाक्य काढलं. अहवाल दुसऱ्याच कुठल्या तरी सभ्य नावानं छापला गेला आणि माझ्या माहितीत तरी तो कुणी वाचला नाही. पुढच्या पुरातही डोंगे आले, आणि खाटेवरच्या माणसांना उचलायला कुणी नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मॅडमची आठवण झाली. मी बरोबर केलं का, असं कुणी विचारलं तर मी हाव म्हणेन, आणि ऐकणाऱ्यानं त्यातून हवं ते घ्यावं.

आता गुडघे साथ देत नाहीत, फोनही येत नाही. कधी बाजारात वच्छला दिसते, मासळीची टोपली घेऊन बसलेली, कधी शेजारी नवरा असतो. दोघं कशावर तरी हसतही असतात. मी गल्ली बदलते. घरी येऊन स्वयंपाक करताना कुणाशी तरी त्यावर बोलावं असं फार वाटतं. पण त्या दुपारी त्या घरात काय झालं ते जगात दोघींनाच माहीत आहे, आणि त्यातली एक मला ओळखत नाही.